माळशेज घाटासाठी गाडी: जुनं ५.९ सहा सिलिंडर घ्यावं का नवीन बीएस६ चार सिलिंडर?

टोमॅटोवाला_जुन्नर

राम राम मंडळी. मोठी गाडी घ्यायचीय पण घरात रोज एक नवीन मत निघतंय म्हणून इथं विचारतो. सध्या पिकअप आहे, आपला आणि शेजारच्या दोन-तीन मळ्यांचा माल नेतो, टोमॅटो, कांदा, मधेच फ्लॉवर. नारायणगाव-ओतूर भागातनं भरायचं आणि माळशेज उतरून मुरबाड-कल्याण करत वाशी मार्केट. येताना भिवंडीतनं किराणा किंवा खताच्या गोण्या मिळाल्या तर मिळाल्या, नायतर रिकामी वर. पिकअपला आता पुरत नाही, सीझनला दुसऱ्याची गाडी भाड्यानं लावावी लागते आणि सगळा फायदा तो घेऊन जातो.

तर दोन पर्याय समोर आहेत. एक, टाटा १६१३, २०१५ मॉडेल, नगर पासिंग, कमिन्सचं ५.९ लिटर सहा सिलिंडर, बीएस३ (धुराचा जुना नियम, आताचा बीएस६), साध्या पंपाची. मालक एकच, ओळखीतला आहे. दुसरा पर्याय नवीन बीएस६, त्यात आयशर ३०१५ (३.८ लिटर, १६० एचपी), लेलँड इकोमेट १६१५ (एच सिरीज, १५० एचपी) आणि भारतबेंझ १२१७ (३.९ लिटर, १७० एचपी) अशी तीन कोटेशनं आणलीत. टनेज तिन्हीचं सारखं नाही ते माहितीये, मी इंजिनापुरतंच विचारतोय.

चुलते म्हणतात सहा सिलिंडर सोडून काय घेऊ नको, चार सिलिंडर घाटात मरतं. धाकटा भाऊ म्हणतो तात्या तुमचा जमाना गेला, आता चार सिलिंडरच जास्त ओढतं. हप्ता नको म्हणून जुनीकडं ओढा आहे, पण रस्त्यात उभी राहिली तर टोमॅटो थांबत नाय. ताकद आणि भरवसा, दोन्ही बघून सांगा.

घाटकरी

डोळे झाकून ५.९ घ्या भाऊ. मी ह्याच इंजिनावर गाडी शिकलोय. पंप साधा, सेन्सर नाही, धूर साफ करायचा युरिया नाही, फिल्टर बदला आणि चालवा. बायपासला कुठल्याही झाडाखाली बसलेला मिस्त्री दुरुस्त करून देतो. नवीन गाड्यांना डॅशबोर्डवर पिवळी लाईट लागली की ड्रायव्हरचं तोंडच पिवळं पडतं 😀 चुलते बरोबर बोलतात.

पिंपरी_मेकॅनिकल

चुलते आणि भाऊ दोघांचं थोडं थोडं बरोबर आहे, पण दोघांनी एक गोष्ट धरलीच नाही. आधी आकडे बघू.

१६ टनाची भरलेली गाडी, १ ला २० चा चढ धरा, ताशी ३० नं चढायचं. वजनाचा मागं खेचणारा जोर आणि टायरचा विरोध मिळून साधारण ९४०० न्यूटन होतात, म्हणजे चाकाला १०६ एचपी लागतात आणि गियरबॉक्स-हाउसिंगमधला लॉस धरून इंजिनाला १२० च्या आसपास. १६१३ मधला १६ म्हणजे टन आणि १३ म्हणजे १३० एचपी (टाटाचं नाव ठेवायचं गणितच ते आहे, ४०७ म्हणजे ४ टन ७० एचपी). तर तुमची जुनी १६१३ ह्या चढाला तीस-बत्तीसनं जाईल. १६० एचपीची नवी गाडी तोच चढ चाळीसच्या जवळ चढेल. ऐकायला लई वाटतं, पण १० किलोमीटरच्या घाटात हा फरक पाच मिनिटांचा आहे, तोही पुढं कंटेनर नसेल तर. पुढं कंटेनर असतोच.

मग चार सिलिंडरवाल्यानं १६० कुठनं आणले? टर्बोचं प्रेशर वाढवून आणि कॉमन रेलनं डिझेल जास्त दाबानं, नेमक्या वेळेला मारून. ५.९ मधून १३० म्हणजे लिटरमागं २२ एचपी. ३.८ मधून १६० म्हणजे लिटरमागं ४२. जवळजवळ दुप्पट. म्हणजे त्या छोट्या इंजिनाच्या पिस्टन, हेड गॅस्केट, बेअरिंगवरचा ताणही तसाच वाढलेला. डिझाईनच तसं केलेलं असतं त्यामुळं घाबरायचं कारण नाही, पण ऑईल, कूलंट आणि एअर फिल्टरमध्ये जुनं इंजिन जेवढी हयगय पोटात घालायचं तेवढी हे घालत नाही. त्यातली बरीचशी भरवशाची भांडणं खरं तर ह्या हयगयीची असतात.

आणि एचपी बघताना ती कितव्या आरपीएमला आहे तेही बघा. ड्रायव्हरला घाटात जाणवतो तो टॉर्क. भारतबेंझचं ४डी३४आय इंजिन ५२० न्यूटन मीटर देतं, आयशरचं ५००, इकोमेटचं ४५०. हे तिन्ही १५०० आरपीएमच्या आसपास फुल टॉर्कला असतात, म्हणजे चढाला गियर टाकायची घाई होत नाही. ह्या बाबतीत धाकटे बंधू जिंकले.

आता जी गोष्ट कोणी धरली नाही ती. दादा, तुमचा माल घाट उतरतो. चढताना तुम्ही रिकामे किंवा अर्धे. तुम्हाला ओढणारं इंजिन कमी आणि अडवणारं इंजिन जास्त पाहिजे.

टोमॅटोवाला_जुन्नर

हे खरंच डोक्यात नव्हतं साहेब. अडवणारं म्हणजे एक्झॉस्ट ब्रेक म्हणताय ना? १६१३ ला आहे बटण, चालू आहे का ते बघितलं नाही. चार सिलिंडरचा कमी पडतो का?

पिंपरी_मेकॅनिकल

हो तोच. १२ टन घेऊन १ ला २० चा उतार तीसनं उतरताना टायरचा विरोध वजा करून सुद्धा पन्नास एचपीच्या वर ताकद कुणीतरी गिळावी लागते. ती ड्रमनं गिळली की ड्रम तापतात आणि खाली टोकावड्याला येईपर्यंत पायाखाली ब्रेक मऊ लागतो. एक्झॉस्ट ब्रेक सायलेन्सरच्या वाटेत झडप लावून इंजिनालाच हवेचा पंप बनवतो, त्यामुळं जेवढे लिटर जास्त आणि जेवढे आरपीएम जास्त तेवढी अडवणूक जास्त. इथं ५.९ ला नैसर्गिक फायदा आहे. चार सिलिंडरला एक गियर खाली ठेवून, आरपीएम जरा चढे ठेवून उतरायचं म्हणजे जमतं. आरपीएम मीटरचा हिरवा पट्टा हा ओढताना बघायचा, उतरताना त्याच्या वर काटा गेला तरी चालतो, लाल पट्ट्यात मात्र नाही.

आणि घाटात न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग आहेत त्यांच्यासाठी: गियरमध्ये पाय सोडून उतरताना इंजिनाला डिझेल जातच नाही, न्यूट्रलला आयडलिंगचं तरी जातं. म्हणजे जीवही धोक्यात आणि डिझेलही जास्त.

पंपवाले_मामा

माझं डिझेल पंप-नोझलचं काम आहे, दोन्ही जातीची इंजिनं रोज टेबलावर येतात, म्हणून जरा लांबड लावतो, चालवून घ्या.

घाटकरी भाऊ म्हणतात ते पंपाच्या बाबतीत खरं आहे. जुना इनलाईन पंप म्हणजे एका रांगेत सहा एलिमेंट, नोझल २००-२५० बारला उघडतं. जरा कचरा आला, जरा पाणी आलं तरी गाडी मिसिंग करत, धूर सोडत का होईना घरी येते. पंप खोलायचा, टेस्ट बेंचवर कॅलिब्रेशन करायचं, परत चढवायचा. कॉमन रेलमध्ये १६०० बारच्या पुढचं प्रेशर, त्यात पाण्याचा थेंब गेला की इंजेक्टर गेला. आणि नवीन इंजेक्टर नुसता बसवून चालत नाही, बऱ्याच गाड्यांत त्याच्या डोक्यावर कोड कोरलेला असतो, तो स्कॅनर लावून इसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरावा लागतो. न भरता बसवलेल्या गाड्या माझ्याकडं येतात, इंजिन खडखडतंय, अॅव्हरेज गेलंय, आणि मालक इंजिन खोलायच्या तयारीत असतो!

पण म्हणून कॉमन रेल वाईट असं नाही हां. ज्यांच्या गाड्या कायम ठरलेल्या पंपावर डिझेल भरतात आणि जे वॉटर सेपरेटरचा नळ रोज सकाळी सोडतात त्यांचे इंजेक्टर मी वर्षानुवर्षं बघत नाही. सगळी गंमत त्या नळात आहे. दोन मिनिटांचं काम, पण ड्रायव्हर करत नाही कारण हात डिझेलचे होतात.

बीएस६ चं खरं दुखणं इंजिन नाहीच, इंजिनामागचा डबा आहे. आधी धुरातलं न जळलेलं जाळणारा डीओसी, मग काजळी धरणारा डीपीएफ, मग युरिया मारून एनओएक्स (धुरातला विषारी वायू) मारणारा एससीआर. डीपीएफमध्ये काजळी साठली की ती जाळावी लागते, सहाशे डिग्रीच्या आसपास गरमी लागते. लोड घेऊन शंभर-दीडशे किलोमीटर सलग चालणाऱ्या गाडीत ती बरीचशी आपोआप जळते. शहरात दहा किलोमीटर चाललो, दोन तास उभा, परत दहा किलोमीटर, अशा गाडीत नाही जळत. मग लाईट लागते, ड्रायव्हर रिजनचं (काजळी जाळायचं) बटण दाबत नाही किंवा दाबून मधेच बंद करतो, मग गाडी ताकद कापते आणि मग ती घाटात तिसऱ्या गियरवर रडते आणि दोष इंजिनाला.

टोमॅटोवाले दादा, तुमचं नारायणगाव-वाशी डीपीएफला मानवणारं आहे. फक्त मार्केटच्या रात्रीच्या लायनीत तासन्तास इंजिन चालू ठेवायची सवय मोडा. लोक मोबाईल चार्ज करायला आणि पंख्याला इंजिन चालू ठेवतात, तिथंच निम्मी काजळी भरते.

भिवंडी_ट्रान्सपोर्ट

मामांनी युरियाचं पूर्ण नाही सांगितलं म्हणून मी सांगतो. डिझेलच्या चार-पाच टक्के धरा, शंभर लिटरला चार-पाच लिटर, खर्च तेवढा मोठा नाही. पण हायवेला निळ्या ड्रममधून सुटा विकतात तो स्वस्तातला घेऊ नका. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी एवढंच असायला पाहिजे आणि युरियाही टेक्निकल ग्रेडचा. काही जण खताचा युरिया बोअरच्या पाण्यात कालवून भरतात. आपल्याकडं २०१५ पासून सगळ्या खताच्या युरियाला निंबोळी तेलाचं कोटिंग असतं, ते आणि बोअरच्या पाण्यातले क्षार जाऊन बसतात कॅटॅलिस्टवर आणि युरियाच्या नोझलवर. आमच्या एका गाडीचा ड्रायव्हर हे करत होता. नोझलवर पांढरा खडा धरला होता, सुपारीएवढा, आणि पुढं कॅटॅलिस्टचा जो खर्च आला त्यात जुनं इंजिन फुल बांधून झालं असतं. कंपनीचं नाव विचारू नका, गाडीची चूकच नव्हती.

रिटर्नला तुम्ही खताच्या गोण्या आणता म्हणताय, भावाला मोह नको व्हायला 😀

जुन्या गाडीबद्दल: आठ वर्षांच्या पुढं फिटनेस दरवर्षी, हे हिशोबात धरा. आणि जुनी जेवढी स्वस्त दिसते तेवढी पडत नाही. टायर, स्प्रिंगपाटे, क्लच, बॉडीचा पत्रा, ह्यात वर्षभर पैसा झिरपत राहतो.

कोलंबस_इंडियाना

नमस्कार, मूळचा साताऱ्याचा, सध्या कोलंबस, इंडियानाला, जिथं कमिन्सचं मुख्यालय आहे. नोकरीमुळं थोडा पक्षपात गृहीत धरा. तुमच्याकडं बीएस६ एप्रिल २०२० ला आलं, इथं अमेरिकेत डीपीएफ २००७ ला आणि युरिया २०१० ला आला, त्यामुळं तुम्ही आज जी चर्चा करताय ती इथल्या मिडियम ड्युटी ट्रकवाल्यांनी पंधरा वर्षं आधी शब्दशः केलेली आहे. तेव्हाही सगळे जुन्या बारा व्हॉल्व्हच्या ५.९ साठी रडत होते. आजही त्या इंजिनाला इथं किंमत आहे, कारण १०२ बोअर, १२० स्ट्रोक, ओतीव लोखंडाचा जाड ब्लॉक आणि कॅम गियरवर, पट्टा-चेनची भानगड नाही.

पण एक फरक लक्षात ठेवा, ५.९ मध्ये वेगळे लायनर नसतात, पिस्टन थेट ब्लॉकच्या बोअरमध्ये चालतो. बोअर घासला तर ब्लॉक काढून मशीन शॉपला न्यावा लागतो. इथल्या इंटरनॅशनलच्या डीटी४६६ ला वेट लायनर (काढून बदलता येणारे) होते, ते इंजिन चॅसिसवरून न उतरवता खालून-वरून खोलून बांधता यायचं, म्हणून स्कूलबसवाले त्याच्यावर जीव टाकायचे. ह्याच इंटरनॅशनलवाल्या नॅव्हिस्टार कंपनीनं २०१० च्या नियमाला युरिया न वापरता नुसत्या ईजीआरवर (थोडा धूर परत इंजिनात फिरवून) इंजिन पास करायचा हट्ट धरला, तो जमला नाही आणि २०१२ ला युरियावर यावं लागलं. त्यामुळं युरिया नसलेली गाडी म्हणजे सोपी गाडी असं नेहमीच नसतं, सगळी काजळी आणि गरमी ईजीआर कूलरवर येते.

घाटकरी

बरं मान्य, पण साहेब लोकांनो एक सांगा, ह्या सगळ्या इंजिनांत खरी देशी जात कुठली? भारतबेंझ म्हणजे जर्मन ना?

पिंपरी_मेकॅनिकल

ह्यात मोठी मजा आहे. भारतबेंझ १२१७ चं ४डी३४आय हे मित्सुबिशी फुसोचं, म्हणजे जपानी. आयशरनं ट्रकची सुरुवात १९८६ ला केली तीही मित्सुबिशीच्या हाताला धरून, व्होल्व्हो २००८ ला आली. लेलँडची एच सिरीज मूळ हिनोची, १०४ बोअर ११३ स्ट्रोक, चार सिलिंडर ३.८ लिटर आणि सहा सिलिंडर ५.७. आणि खरं बेंझचं रक्त कुठं, तर टाटाच्या जुन्या ४९७ आणि ६९७ मध्ये! टाटा-डेमलर करार १९५४ चा. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर ९७ चा बोअर, स्ट्रोक १२८, डिट्टो मर्सिडीजच्या ओएम३५२ चं माप. म्हणजे बेंझचा बिल्ला लावलेल्या गाडीत जपानी आणि टाटाच्या बिल्ल्याखाली जर्मन. तुमचं ५.९ अमेरिकन, पण आता कमिन्सचा मोठा कारखाना आपल्या फलटणला आहे, त्यामुळं कोलंबसकर साताऱ्याचे निघाले ह्यात नवल नाही.

जात बघू नका, जवळचा वर्कशॉप बघा. कोटेशन आणलंय त्या तिघांना एकच प्रश्न विचारा, आळेफाटा किंवा मुरबाडला रात्री गाडी बंद पडली तर स्कॅनर घेऊन माणूस कुठनं येणार आणि किती वेळात. जो गोलगोल बोलेल त्याची १७० एचपी तुमच्या काय कामाची.

टोमॅटोवाला_जुन्नर

सगळ्यांचे आभार. घरी वाचून दाखवलं, माल उतरतो हे ऐकून चुलते गप्प झाले आणि लगेच म्हणाले मग ५.९ चा एक्झॉस्ट ब्रेक मोठा आहेच की 😀 म्हणजे हरले तरी तेच. सध्या असं ठरतंय की रविवारी आधी १६१३ बघायची, इंजिन चांगलं निघालं तर दोन-तीन सीझन तीच चालवायची. नाहीतर नवीन, आणि त्यात जो मुरबाडला माणूस देतो म्हणेल तो. बघायला जाताना नेमकं काय तपासू? मिस्त्री बरोबर नाही मिळाला तर मला स्वतःला काय कळेल?

पंपवाले_मामा

मालकाला आधी फोन करून सांगा की मी यायच्या आत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिला हात बॉनेट उघडून इंजिनाला लावा, गरम असेल तर समजा काहीतरी लपवलंय. इंजिन थंड असताना पहिल्या सेल्फला धरतं का बघा, जरासा पांढरा धूर येऊन गेला तर ठीक, गरम झाल्यावरही निळसर राहिला तर ऑईल जळतंय. मग ऑईलची टोपी चालू इंजिनावर उलटी ठेवा. थोडी वाफ येणारच, पण टोपी थडथड उडत असेल तर रिंगा-बोअर गेलेत आणि कोलंबसवाले म्हणतात तसं ब्लॉक मशीनला न्यावा लागेल, त्या हिशोबानं भाव तोडा. रेडिएटरमध्ये गंजाचं लाल पाणी असेल तर कूलंट कधी घातलंच नाही असं समजायचं, हेड गॅस्केटकडं संशयानं बघा. टर्बोचा पाईप काढून पंखा बोटानं हलवा, फिरला पाहिजे, वरखाली खडखडला नाही पाहिजे. पंपाचं सील तुटलंय का बघा, बऱ्याच गाड्यांचं डिझेल वाढवून ठेवलेलं असतं, गाडी ओढते मस्त पण काळा धूर आणि पिस्टनचं मरण.

शेवटी भरून नाही तरी रिकामी एकदा माळशेज उतरवून आणा, एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबल्यावर आवाज बदलून गाडी धरते का ते तिथंच कळतं. ऑनलाईन चलन किती बाकी आहे आणि आरसीवर फायनान्सचा बोजा उतरलाय का हे विसार द्यायच्या आधी, नंतर नाही.